शिक्क्यातली तिसरी ओळ

मोठ्या डॉक्टरांकडे दोन पेनं असायची. औषध लिहायला हिरवं, खोडायला लाल. लाल रिफिल महिन्याला संपायची आणि हिरवी वाळून जायची. एवढ्यावरून माणूस कळायला हवा, पण चार वर्षं हाताखाली काम करूनही मला तो कळला नाही. त्या दवाखान्यात माझ्या घरचा एक माणूस गेला. तो माझ्या चुकीनं गेला, त्यांच्या चुकीनं गेला की कुणाच्याच नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हा वाचताना कुणाचा गोंधळ झालाच तर त्यानं एवढं समजून घ्यावं की मीही त्याच्याच पंक्तीला बसले आहे.

दवाखाना सरकारी, आदिलाबाद जिल्ह्यातला. गावाचं नाव सांगत नाही, तिथली निम्मी माणसं अजून हयात आहेत आणि माझी भांडायची हौस आता फिटली आहे. तेलंगणा वेगळं झालं नव्हतं, आंध्र प्रदेश होता तेव्हाची गोष्ट. कागद तेलुगूत यायचे, व्यापाऱ्याशी हिंदी बोलायचं आणि निम्मे पेशंट मराठीत कण्हायचे. मी मुधोळकडची. आजा दुसऱ्याच्या शेतात राबलेला, बाप शाळेत शिपाई, आणि मी आमच्या वस्तीतली पहिली डॉक्टर. जाडजूड पुस्तकं पाठ करून पास झाले होते, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत होती. मोठ्या डॉक्टरांनी ती पहिल्याच आठवड्यात मोडली आणि त्यासाठी त्यांना एकच शब्द पुरला, आमच्याकडचा ‘का’.

“काऊन?”

राउंडला ते केसशीट हातात घ्यायचे आणि मी लिहिलेल्या एकेका ओळीवर तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट ठेवायचे. सलाइन. काऊन? मी कारण सांगायची. त्या कारणावर पुन्हा काऊन? तिसऱ्या काऊनपर्यंत माझी पाठांतराची शिदोरी संपलेली असायची. मग लाल पेन निघायचं. खरं उत्तर काय होतं ते मात्र कधी सांगायचे नाहीत. वॉर्डातली सिस्टर वरंगळकडची, तिला मराठीचे दोन-तीनच शब्द यायचे, त्यातला हा एक. त्यांच्या माघारी ती त्यांना ‘काऊन सार’ म्हणायची.

त्यांचं घराणं निझामाच्या काळापासूनचं जमीनदारांचं, शिक्षण उर्दूत, वागणं कुणाच्याच बापाला न जुमानणारं. भर मे महिन्यात कानटोपी. खुर्ची दिली तर बसायचे नाहीत, पेशंटच्या खाटेवर बसायचे. त्याच्या घरचा डबा उघडून वास घ्यायचे आणि विचारायचे, “पोटात काय गेलं आज?” काही गेलं नसेल तर सलाइन चालू असलेल्या माणसालासुद्धा ज्वारीची आंबील पाजायला लावायचे. आणि सगळ्यात कहर म्हणजे पेशंटचा बेडपॅन स्वतः उचलून खिडकीशी न्यायचे आणि उजेडात शीचा रंग पाहायचे. या तपासणीला ते मुआयना म्हणत. मी हे आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. “त्याइच्या घरचा मानूस? हातानं?” ती म्हणाली, “तू काहीतरी दुसरं पाह्यलं असशीन.”

आता इंजेक्शनाचं. त्या दिवसांत आमच्याकडे रॅनिटिडीनचा साठा नव्यानं यायला लागला होता. पोटातलं आम्ल कमी करणारी ही सुई. मोठं आजारपण आलं, माणूस भाजला, डोक्याला मार बसला, अंगात विष भिनलं, की त्या ताणानं पोटाला आतून जखमा होतात आणि कधीकधी रक्त वाहायला लागतं. ते होऊ नये म्हणून ही द्यायची. पुस्तकात असं होतं. आम्ही मात्र ती सगळ्यांनाच द्यायचो. विंचू चावला, द्या. पायाचा अंगठा ठेचला, द्या. नुकसान तर काही नाही, असं सगळेच म्हणायचे, आणि नातेवाईकही खूश असायचे, कारण सुई नाही तर तो दवाखाना कसला.

रोज तेच लिहून माझा हात दुखायचा. तेव्हा मी एक अक्कल लढवली. आदिलाबादच्या बाजारात शाळांचे शिक्के करून देणाऱ्या एका माणसाकडून चार ओळींचा रबरी शिक्का करून आणला. पहिली ओळ सलाइन, दुसरी अँटिबायोटिक, तिसरी रॅनिटिडीन, चौथी बी-कॉम्प्लेक्स. पेशंट आला की केसशीटवर ठप्पा, खाली सही. सिस्टरनं माझं तोंडभर कौतुक केलं. पंधरा दिवस फार सुखात गेले.

सोळाव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तो ठप्पा पाहिला. टेबलावरचा शिक्का उचलला, पॅडवर दाबला, बाही वर केली आणि स्वतःच्या मनगटावर मारला. मग पेशंटच्या रांगेत रिकाम्या खाटेवर जाऊन आडवे झाले आणि सिस्टरपुढे हात केला.

“द्या सुई.”

“सार, आप को क्या हुआ?”

“लिहलं हाय ना? मंग द्या. काऊन देत नाई?”

सिस्टर माझ्याकडे बघायला लागली, मी जमिनीकडे. वॉर्डातले पेशंट उठून बसले होते. एक म्हातारी म्हणाली, “देऊन टाक ना वं, मानूस मांगून राह्यला तं.” मोठे डॉक्टर उठले, कानटोपी नीट केली आणि शिक्का खिशात टाकून निघून गेले. मनगटावरच्या चार ओळी दोन दिवस तशाच होत्या.

त्यानंतर मात्र एकदाच, व्हरांड्यात चहा पिताना, ते त्या सुईबद्दल आपणहून बोलले. “पोटातलं आंबट म्हंजे राखनदार हाय, बाई. खाल्ल्या अन्नासंगं जे किडे आत जातात त्याइले ते दारातच मारते. तुमी सरसकट सगळ्याइच्या राखनदाराले झोपवता. मंग चोर आला तं?”

“मग द्यायचीच नाही का?”

“मी असं म्हनलं?”

“मग कुणाला द्यायची?”

“तेच तं मी रोज पुसून राह्यलो,” असं म्हणून त्यांनी बशीतला चहा संपवला.

आता सांगा, याच्यातून माणसानं काय घ्यावं? शिक्का गेला तरी हातानं मी त्याच चार ओळी लिहीत होते. मी एक वही केली. कुणाची तिसरी ओळ खोडली, कुणाला ती हिरव्या पेनानं स्वतः लिहिली, रोज टिपून ठेवायची. नियम सापडेल अशी आशा होती. खाणाऱ्या पेशंटची खोडतात, असा एक नियम सापडला, तर दुसऱ्याच दिवशी मजेत भाकर खाणाऱ्या एका काविळीच्या माणसाला त्यांनी ती लिहून दिली.

एकदा साप चावलेले दोघं एकाच सकाळी आले, एक उटनूरकडच्या जंगलातला, दुसरा जवळच्या कापसाच्या शेतातला. दोघांचे पाय सुजलेले, दोघंही भेदरलेले. मी दोघांचीही तिसरी ओळ कोरी ठेवली. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याला लिहिली, दुसऱ्याची कोरीच राहू दिली.

“सर, दोघं सारखेच आहेत.”

“सारखे हायेत? काऊन?” एवढं बोलून पुढच्या खाटेवर.

सिस्टरचं म्हणणं होतं, “डॉक्टरम्मा, जिसकी औरत रोती ना, सार उसकोच सुई देते.” मला हसू आलं, पण पहिल्याची बायको खरंच रडत होती. एवढी शिकलेली मी, पुढचे पंधरा दिवस कुणाची बायको रडते ते वहीत लिहीत होते.

खरं कारण खिडकीत उभं होतं. साप चावलेल्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत काढून खिडकीत ठेवायचं आणि ते गोठतं का बघायचं, हा नियम. मीच काढून ठेवलं होतं आणि बघायला विसरले होते. पहिल्याचं रक्त गोठलंच नव्हतं. अशा माणसाच्या पोटात बारीकशी जखम झाली तरी रक्त थांबत नाही. म्हणून त्याला सुई. काविळीचा माणूस भाकर खात होता, पण त्याचं यकृत बिघडलेलं, रक्त त्याचंही पातळ. हे सगळं मला आता सरळ दिसतं. तेव्हा दिसायची ती फक्त लाल शाई.

माझे मावसाजी बोथ गावात शिक्षक होते. आमच्या गोतावळ्यात पगार घेणारा पहिला माणूस. मला इंग्रजीची मुळाक्षरं त्यांनी गिरवून घेतली, आणि मी डॉक्टर झाले तेव्हा वस्तीभर पेढे वाटताना रडले होते. शाळेतून येताना त्यांची स्कूटर घसरली आणि डोकं मैलाच्या दगडावर आपटलं. त्यांना आमच्याच दवाखान्यात आणलं. जिल्ह्याच्या सर्जनांनी येऊन पाहिलं. मेंदूला सूज आहे, ऑपरेशन करण्यासारखं नाही, हैदराबादच्या रस्त्यात धक्के देण्यापेक्षा इथंच ठेवा म्हणाले. मावसाजी बेशुद्ध होते. मावशी खाटेच्या पायथ्याशी बसली ती उठेचना.

मोठे डॉक्टर नेमके त्याच दिवशी एका केसमध्ये साक्ष द्यायला गेले होते, तीन दिवस येणार नव्हते. केसशीट मीच लिहिली. दोन ओळी लिहून झाल्या आणि तिसरीवर पेन थांबलं. मी लिहिणार होते. पुस्तकात डोक्याच्या माराचं नाव होतं, मला आठवत होतं. पण कानात तो शब्द आला. ते येतील, बोट ठेवतील, मी कारण सांगीन, त्यावर ते पुन्हा विचारतील आणि मावशीसमोर लाल पेन काढतील. मी वही उघडून पाहिली. वहीत काहीच स्पष्ट नव्हतं. बहुतेक ठिकाणी खोडलेलं होतं. मी ओळ कोरी ठेवली. शिवाय बेशुद्ध माणसाला ठसका लागेल म्हणून नाकातल्या नळीतून पेजही सुरू केली नाही. तीन दिवस पोट रिकामं, नुसतं सलाइन.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं मला हाक मारली. नळीतून चहाच्या गाळासारखं काहीतरी येत होतं. चादरीवर डांबरासारखी काळी शी झालेली.

“हे काळं काळं काऊन येऊन राह्यलं वं?” मावशी म्हणाली.

मला उत्तर येत होतं: पोटात रक्त वाहिलं की ते आम्लानं काळं पडतं. पहिल्यांदाच त्या शब्दाचं उत्तर मला अगदी बरोबर येत होतं आणि मी सलाइनची बाटली नीट करत राहिले.

मोठे डॉक्टर दुपारी एसटीनं आले, पिशवी आणि छत्री हातात तशीच. चादर बघितली आणि पिशवी जमिनीवर टाकली. नळीतून पोट धुतलं, इंजेक्शन दिलं, तासातासाला आम्ल मारणारं पातळ औषध नळीतून सोडायला लावलं. रक्त लागलं ते मावसाजींच्या शाळेतल्या दोघा मास्तरांनी दिलं.  संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी केसशीट घेतली, बोट नेहमीसारखं ठेवलं, पण कोऱ्या जागेवर.

“हे लिहलं नाई. काऊन?”

“तुम्ही खोडता म्हणून.”

बोट तिथंच राहिलं. मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण ते मावसाजींच्या खाटेवर बसले आणि कानटोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.  मग कोटाच्या खिशातून माझा शिक्का काढून खाटेच्या कडेला ठेवला. इतके महिने तो घेऊन फिरत होते.

“घ्या,” म्हणाले. “पहिले तुमी याचं ऐकत होत्या, मंग माह्यं ऐकाले लागल्या. मले वाटलं मी शिकवून राह्यलो. मी तं नुसतं भेव घातलं.”

त्या रागीट माणसाला असं बोलताना बघून मला भडभडून आलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही उलट बोलले असते. त्यांनी मग एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं मला सगळं सांगितलं. कुणाला द्यायची, कुणाला नाही, पोटात लवकर काही गेलं तर तेही पोटाला कसं सांभाळतं. “गावात आग लागली की घरातलं सारं पानी तिकडं जाते,” ते म्हणाले, “तवा चुलीकडं पाहाले एक मानूस घरी ठेवा लागते. कोनाच्या गावात आग लागली अन् कोनाच्या नाई, तेवढंच पाहाचं असते.” आग म्हणजे मोठं आजारपण, चूल म्हणजे पोट. सांगायला दहा मिनिटं लागली. हे दहा मिनिटांचं ज्ञान ते मला पहिल्या दिवशी देऊ शकत होते, याचा मला संताप आला. आणि ते पुस्तकात होतंच, मी वाचलंही होतं, याची लाजही वाटली.

रक्त थांबलं. सहाव्या दिवशी मावसाजींनी डोळे उघडले आणि मावशीकडे बघून ओठ हलवले. सिस्टरनं सगळ्या वॉर्डाला चॉकलेटं वाटली. आठव्या दिवशी ताप चढला, छाती घरघरायला लागली. अकराव्या दिवशी गेले.

ते कशानं गेले? डोक्याच्या मारानं म्हणावं तर डोळे उघडले होते. रक्त गेल्यानं म्हणावं तर ते थांबलं होतं. मग राहिली छाती. पुढं मी कुठंकुठं वाचलं की आम्ल मारलं की पोटात जंतू वाढतात आणि निजून असलेल्या माणसाच्या छातीत उतरतात. काहीजण असं म्हणतात, काहीजण नाही म्हणतात, त्यांचं भांडण चालूच आहे. म्हणजे सुई दिली नाही म्हणून गेले, की नंतर एवढी दिली म्हणून? राखणदार आणि चूल, दोन्ही गोष्टी त्यांनीच सांगितल्या होत्या, आणि दोन्ही खऱ्या होत्या.

बोथला पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना संपली आणि दारात कानटोपी दिसली. त्यांच्या घराण्यातलं कुणी आमच्या लोकांच्या वस्तीत आलेलं तिथल्या म्हाताऱ्यांनी पाहिलं नव्हतं. ते सरळ आत आले, सतरंजीवर मावशीसमोर बसले.

“बाई, चूक माही हाय,” म्हणाले. “जे कराले पाह्यजे होतं ते माह्यामुळं झालं नाई.”

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मी मागं भिंतीला टेकून बसले होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, की केसशीट मी लिहिली. ते तयारच राहिलं.  थोड्या वेळानं मोठे डॉक्टर म्हणाले, “थोडं पानी देता?”

आमच्या घरात पाणी मागणारा त्यांच्या घराण्यातला तो पहिला माणूस. मावशी उठली नाही. माठ माझ्या पाठीशीच होता, हात मागं केला असता तर तांब्या लागला असता. मीही उठले नाही. ते उठले, हात जोडले आणि उन्हात चालत एसटी स्टँडकडे गेले.

दवाखान्यात पुढं आम्ही दीड-दोन वर्षं एकत्र होतो. ते काऊन विचारायचे आणि आता तिसऱ्या वेळी थांबून स्वतः उत्तर सांगायचे. त्या दिवसाबद्दल ना ते बोलले, ना मी. त्यांनी माझी चूक झाकली, की त्यांना खरंच स्वतःची चूक वाटत होती, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. मग ते रिटायर झाले, आणि काही वर्षांनी गेल्याचं कळलं.

मावसाजींना जाऊन वीसेक वर्षं झाली होती. तेव्हाही आंध्रच होतं. मावशी पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. मी तिला माझ्याच वॉर्डात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती पोहे खात बसली होती आणि एका तरुण डॉक्टरनं तिच्या केसशीटवर आम्ल कमी करणारं नवं इंजेक्शन लिहिलेलं. माझं बोट आपोआप त्या ओळीवर गेलं.

“काऊन?” मी विचारलं.

“मॅडम, सगळ्यांनाच देतो,” तो म्हणाला. मी त्याला बसवलं आणि दहा मिनिटं सांगितलं.

तो गेल्यावर मावशी म्हणाली, “तो म्हातारा बी असाच काऊन काऊन करे. त्यानंच तुह्या मावसाजीचा जीव घेतला. वीस वर्सं झाले, दिवा लावताना त्याले शिवी देल्याबिगर माहा दिवस जात नाई.”

मी तिच्या खाटेवर बसले आणि सांगितलं. केसशीट मी लिहिली होती, ओळ मी कोरी ठेवली होती, ते गावातही नव्हते. सगळं एका दमात सांगितलं. तिनं पोह्याची बशी बाजूला ठेवली. ती मला मारेल, रडेल, तोंड फिरवील, असं काय काय माझ्या मनात येऊन गेलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

“मंग मी त्याले पानी काऊन नाई देल्लं?” ती म्हणाली.

त्या दिवशी माठ कुणाच्या पाठीशी होता हे तिच्या लक्षात नव्हतं. मीही आठवण करून दिली नाही.